शपथ घ्या, नाहीतर घरी जा: पाकिस्तानातल्या तीन न्यायाधीशांची गोष्ट

ज्यांना एपिसोड ऐकायला वेळ मिळाला नाही, किंवा लोकलमध्ये नेटवर्क गेलं, त्यांच्यासाठी हा एपिसोड लिहून काढला आहे.

न्यायाधीशांवर दबाव म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर सिनेमातला सीन येतो. रात्री फोन वाजतो आणि पलीकडून कुणीतरी म्हणतं, "निकाल असाच लागला पाहिजे." असं होतही असेल. पण पाकिस्तानचा इतिहास वाचताना कळतं की दबाव आणायच्या याहून सोप्या, उघड आणि कागदोपत्री नीटनेटक्या पद्धती आहेत. आज त्या पद्धती बघू, तीन माणसांच्या निमित्ताने. एक ख्रिश्चन, एक पारशी आणि एक हिंदू. तिघेही पाकिस्तानच्या सर्वोच्च न्यायालयात पोचले आणि तिघेही एकेका मोठ्या क्षणी "नाही" म्हणाले.

पहिला: कॉर्नेलियस

२४ ऑक्टोबर १९५४. पाकिस्तानचे गव्हर्नर जनरल गुलाम मोहम्मद यांनी संविधान सभाच बरखास्त केली. देशाला अजून संविधान मिळालेलं नव्हतं आणि ते लिहिणारी सभाच गेली. सभेचे अध्यक्ष मौलवी तमीजुद्दीन खान कराचीच्या कोर्टात गेले. फेब्रुवारी १९५५ मध्ये सिंधच्या चीफ कोर्टाने निकाल दिला की बरखास्ती बेकायदेशीर आहे.

सरकार फेडरल कोर्टात गेलं. तिथे सरन्यायाधीश होते मुहम्मद मुनीर. त्यांनी मूळ प्रश्नाला हातच लावला नाही, बाजूचं दार शोधलं. ज्या कायद्याने हायकोर्टाला रिट काढायचा अधिकार मिळाला, त्या कायद्यावर गव्हर्नर जनरलची सही नव्हती. म्हणून तो कायदाच नाही, म्हणून खालच्या कोर्टाला अधिकारच नव्हता, आणि म्हणून सरकार जिंकलं. निकाल ४ विरुद्ध १.

तो एक म्हणजे ए. आर. कॉर्नेलियस. जन्म आग्र्याचा, आयसीएस अधिकारी, धर्माने ख्रिश्चन. त्यांचं म्हणणं सरळ होतं: संविधान सभा सार्वभौम आहे, तिच्या कायद्याला कुणाच्या सहीची गरज नाही.

मुनीर यांच्या युक्तिवादाने एक पंचाईत झाली. सहीशिवाय झालेले कितीतरी कायदे एका फटक्यात रद्दबातल ठरायला लागले. मग सरकार पुन्हा कोर्टात आलं आणि कोर्टाने "गरजेचा सिद्धांत" पुढे केला. म्हणजे एरवी जे बेकायदेशीर, ते गरजेपोटी कायदेशीर. पुढे लष्करशहांनीही हेच तत्त्व वापरलं. सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत सांगायचं तर तात्पुरता पॅच म्हणून टाकलेला कोड कायमचा प्रॉडक्शनमध्ये राहिला.

कॉर्नेलियस पुढे १९६० ते १९६८ सरन्यायाधीश होते. १९६४ मध्ये अयूब खान यांच्या सरकारने जमात-ए-इस्लामीवर बंदी घातली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात आलं आणि बंदी टिकली नाही. इस्लामी राज्य मागणाऱ्या पक्षाला न्याय मिळाला तो ख्रिश्चन सरन्यायाधीशाच्या कोर्टात.

दुसरा: दोराब पटेल

५ जुलै १९७७ ला जनरल झिया उल हक यांनी सत्ता घेतली. पदच्युत पंतप्रधान झुल्फिकार अली भुट्टोंवर खुनाच्या कटाचा खटला चालला आणि लाहोर हायकोर्टाने फाशी सुनावली. अपील सर्वोच्च न्यायालयात आलं तेव्हा नऊ न्यायाधीश बसले होते. सुनावणी लांबत गेली, एक निवृत्त झाले, एक आजारी पडले, उरले सात. ६ फेब्रुवारी १९७९ ला निकाल लागला: ४ विरुद्ध ३, फाशी कायम. ४ एप्रिलला भुट्टोंना रावळपिंडीत फाशी दिली.

विरोधातल्या तिघांपैकी एक होते क्वेट्टात जन्मलेले पारशी न्यायमूर्ती दोराब पटेल. खटला मुख्यतः माफीच्या साक्षीदाराच्या जबानीवर उभा होता, आणि एवढ्यावर माणसाला फासावर चढवता येत नाही असं त्यांचं मत होतं. त्यांच्यासोबतचे सफदर शाह यांच्या तर शाळेच्या सर्टिफिकेटची चौकशी लावली गेली. शेवटी त्यांना देश सोडावा लागला.

आता मार्च १९८१ बघा. या एका महिन्यात दोन गोष्टी घडल्या, आणि दबावाची दोन्ही हत्यारं त्यात दिसतात.

पहिली गोष्ट धर्माची. झियांनीच उभारलेल्या फेडरल शरीयत कोर्टाने बहुमताने निकाल दिला की व्यभिचारासाठी दगडांनी ठेचून मारण्याची शिक्षा इस्लामच्या विरोधात आहे. कट्टर मौलवी भडकले. झियांनी काय करावं? कोर्टाची रचना बदलली, त्यात उलेमा नेमले आणि कोर्टाला स्वतःचाच निकाल पुन्हा तपासायचा अधिकार दिला. १९८२ मध्ये निकाल उलटा झाला. कुणालाही धमकी द्यावी लागली नाही. बेंच बदललं की निकाल बदलतो.

दुसरी गोष्ट शपथेची. २४ मार्चला झियांनी हंगामी संविधान हुकूम काढला, ज्याला सगळे पीसीओ म्हणतात. वरच्या कोर्टातल्या न्यायाधीशांनी आता या हुकुमाला धरून नवीन शपथ घ्यायची. नाही घेतली तर नोकरी संपली. ॲप अपडेट झाल्यावर "मला मान्य आहे" दाबल्याशिवाय पुढचा स्क्रीन उघडतच नाही ना? तसंच. फरक इतकाच की इथे पणाला लागलं होतं अख्ख्या देशाचं संविधान.

दोराब पटेल यांनी शपथ घेतली नाही. सेवाज्येष्ठतेने ते सरन्यायाधीशपदाच्या अगदी जवळ होते, तरी घरी गेले. त्यांच्यासोबत नकार देणारे फखरुद्दीन इब्राहिम जन्माने अहमदाबादचे. पटेल पुढे पाकिस्तानच्या मानवी हक्क आयोगाच्या संस्थापकांपैकी एक झाले.

आणि मार्च २०२४ मध्ये पाकिस्तानच्याच सर्वोच्च न्यायालयाने एकमताने मत दिलं की भुट्टोंवरचा खटला न्याय्य पद्धतीने चालला नव्हता. पंचेचाळीस वर्षांनी.

तिसरा: राणा भगवानदास

सिंधमधले हिंदू. कायद्यासोबत इस्लामिक स्टडीजमध्ये एमए केलेले. मुस्लिम नसलेला माणूस हायकोर्टात न्यायाधीश कसा, म्हणून त्यांच्या नेमणुकीविरुद्ध याचिकाही झाली होती.

९ मार्च २००७ ला जनरल मुशर्रफ यांनी सरन्यायाधीश इफ्तिखार चौधरींना बाजूला केलं. काळे कोट घातलेले वकील देशभर रस्त्यावर आले. सर्वांत ज्येष्ठ न्यायाधीश भगवानदास तेव्हा रजेवर भारतात होते. परत गेल्यावर ते प्रभारी सरन्यायाधीश झाले आणि जुलैमध्ये चौधरी पदावर परत येईपर्यंत तिथे राहिले. ३ नोव्हेंबरला मुशर्रफ यांनी आणीबाणी लावली आणि पुन्हा तेच जुनं हत्यार काढलं: नवा पीसीओ, नवी शपथ. या वेळी सुमारे साठ न्यायाधीश बाहेर पडले. भगवानदास त्यांत होते. त्यांना घरातच डांबून ठेवलं.

पण एक मिनिट

इथवर वाचून वाटेल की हे तिघे जन्मजात निडर. तसं नाहीये, आणि मला हाच भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

१९५८ मध्ये मार्शल लॉ लागल्यावर, यशस्वी झालेला उठाव आपोआप कायदेशीर ठरतो असं मुनीर यांच्या कोर्टाने दोसो खटल्यात म्हटलं. कॉर्नेलियस यांनी मूलभूत हक्कांबद्दल वेगळं मत नोंदवलं, पण निकालाला संमती दिली. १९७७ मध्ये झियांच्या उठावाला "गरज" म्हणून मान्यता देणाऱ्या नऊ न्यायाधीशांत दोराब पटेलही होते. २००० मध्ये मुशर्रफ यांच्या पहिल्या शपथेला भगवानदास "नाही" म्हणाले नाहीत. खुद्द चौधरींनीही ती शपथ घेतली होती.

म्हणजे स्वातंत्र्य हा काही माणसाच्या रक्तात असलेला गुण नाही. तो दर वेळी नव्याने घ्यायचा निर्णय आहे. आणि एका माणसाला तो किती जड जातो, हे बाकीचे किती जण सोबत उभे आहेत यावर ठरतं. १९८१ मध्ये मोजके होते, २००७ मध्ये साठ आणि रस्त्यावर वकील. चौधरी मार्च २००९ मध्ये परत आले ते याच गर्दीच्या जोरावर.

गर्दी उलट्या बाजूला असेल तर?

मग काय होतं, तेही याच देशात दिसतं. १९९५ मध्ये लाहोर हायकोर्टाच्या दोन न्यायाधीशांनी ईशनिंदेच्या खटल्यात सलामत मसीह या अल्पवयीन ख्रिश्चन मुलाला निर्दोष सोडलं. त्यातले एक, आरिफ इक्बाल भट्टी. १९९७ मध्ये त्यांच्या ऑफिसात घुसून त्यांना गोळ्या घातल्या. २०११ मध्ये पंजाबचे गव्हर्नर सलमान तासीर यांच्या मारेकऱ्यावर काही वकिलांनीच गुलाबाच्या पाकळ्या उधळल्या. त्याला फाशी सुनावणाऱ्या न्यायाधीशांना देश सोडावा लागला. २०१८ मध्ये आसिया बीबीला सोडणाऱ्या तिन्ही न्यायाधीशांना ठार मारा, असं जाहीर आवाहन झालं.

हुकूमशहा नोकरी काढून घेतो, धर्माच्या नावाने चिथावलेला जमाव जीव घेतो. पहिल्याला निदान कागद लागतो.

आपल्याकडे हे सगळं परकं आहे असं समजायचं कारण नाही. नारायणराव पेशव्यांच्या खुनानंतरची रामशास्त्री प्रभुण्यांची गोष्ट आपण शाळेत ऐकली. आणीबाणीत १९७६ साली एकटे वेगळं मत देणारे न्यायमूर्ती एच. आर. खन्ना, आणि नऊ महिन्यांनी त्यांना डावलून झालेली सरन्यायाधीशांची नेमणूक, हीसुद्धा आपलीच गोष्ट. पण आपण रामशास्त्रींचा पुतळा करून मोकळे होतो. एकट्या माणसाने शूर व्हावं, अशी अपेक्षा ठेवणं सोपं असतं. त्याला शूर व्हायची गरजच पडू नये अशी व्यवस्था राखणं अवघड असतं. न्यायाधीश कोण नेमतं, बेंच कोण ठरवतं, बदली कोण करतं, हे प्रश्न कंटाळवाणे वाटतात. पण मार्च १९८१ मध्ये सगळा खेळ याच कंटाळवाण्या प्रश्नांमध्ये झाला होता.

तर पुढच्या वेळी एखादा निकाल तुमच्या मनासारखा लागला नाही, आणि ग्रुपवर न्यायाधीशाच्या जातीधर्माचा मेसेज फिरायला लागला, तर फॉरवर्ड करण्याआधी कॉर्नेलियस आणि जमातचा तो खटला आठवा.

आवडलं तर मित्रांना पाठवा. तुम्हाला काय वाटतं, तेही कळवा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!