धात्रीपरीक्षा, कुमारागार आणि खानदेशांतील जिनांच्या दारचीं मुलें

मोल देऊन मूल दुसऱ्याच्या हवालीं करण्याची चाल आपल्याकडे फार जुनी आहे. तिला लाविलेला ‘पाळणाघर’ हा शब्द मात्र अलीकडचा. शब्दाच्या नवेपणामुळें चालही नवी असा समज सुशिक्षितांतही आढळतो, आणि मग हा इतिहाससंशोधनाचा विषयच नव्हे असें मानिलें जातें. आमचें मत तसें नाहीं. मूल कोणाच्या हातीं द्यावें, कसल्या घरांत ठेवावें, आणि त्या हाताची व त्या घराची तपासणी कोणीं करावी, असे तीन प्रश्न यांत आहेत. पैकीं पहिल्या दोहोंचीं उत्तरें आमच्या वैद्यकग्रंथांत तपशीलवार आहेत. तिसरा प्रश्न कायद्याचा. त्याचें उत्तर खानदेशापुरतें पाहूं जातां जें हातीं लागतें तें येथें मांडिलें आहे.

चरकसंहितेच्या शारीरस्थानांतील आठव्या अध्यायांत धात्रीपरीक्षा व कुमारागारविधि हे दोन्ही विषय येतात. धात्री समान वर्णाची, तरुण, विनीत, निरोगी, निर्व्यसनी, त्याच देशांत जन्मलेली, भरपूर दुधाची व जिचें मूल हयात आहे अशी, झोंपाळू वा बेसावध नसलेली, मुलाचें करण्यांत कुशल आणि अस्वच्छतेचा तिटकारा असलेली असावी, असें तेथें सांगितलें आहे. वर्णाची अट त्या काळाची; ती आज कोणी पुढें करूं लागल्यास ऐकूं नये. कुमारागाराचें वर्णन त्याहून मार्मिक आहे. घर उजेडाचें व मजबूत असावें. वाऱ्याचा झोत अंगावर न यावा, पण एका बाजूनें हवा खेळती असावी. कुत्रीं, जनावरें, उंदीर व किडे यांस तेथें वाव नसावा. पाणी, उखळ, मलमूत्राची जागा, न्हाणी आणि स्वयंपाकघर हीं वेगवेगळीं नेमिलेलीं असावीं. मळलेलें अंथरूण टाकून द्यावें. दुसरें मिळण्याजोगें नसेल तर तेंच स्वच्छ धुऊन, धुरी देऊन, कोरडें करून वापरावें. खेळणीं रंगीत, आवाज करणारीं व मनोहर असावीं. जड, टोंकदार, तोंडांत जाण्याजोगीं, प्राणास अपाय करणारीं वा भिवविणारीं नसावीं. रडणाऱ्या किंवा न जेवणाऱ्या मुलास राक्षसपिशाचांचीं नांवें सांगून दरडावूं नये. अंथरुणाविषयींची ती सवलत आणि तोंडांत जाणाऱ्या खेळण्याविषयींचा तो निषेध ज्यानें लिहिला, त्यानें मूल स्वतः सांभाळिलें असावें असें आम्हांस वाटतें.

सुश्रुतानें शारीरस्थानाच्या दहाव्या अध्यायांत आणखी एक गोष्ट सांगितली आहे. आज एकीचें तर उद्यां दुसरीचें, असें दूध बाळास दिल्यास तें मानवत नाहीं व रोग उत्पन्न होतो. बोलणें दुधापुरतें आहे; परंतु सांभाळणारा हात वरचेवर बदलूं नये हा त्यांतील अर्थ दूध न पिणाऱ्या मुलासही लागू पडेल. निजलेल्या बाळास एकाएकीं जागें करूं नये, एकदम उचलूं वा उडवूं नये, हेंही तेथेंच आहे. याच विषयाला वाहिलेली काश्यपसंहिता नेपाळांतील खंडित ताडपत्री पोथीवरून, पंडित हेमराज शर्मा यांच्या विस्तृत उपोद्घातासह, १९३८ सालीं निर्णयसागर छापखान्यांतून बाहेर पडली. पोथ्या सांभाळणाऱ्यांस याचें महत्त्व निराळें सांगावयास नको.

आतां या ग्रंथांची एक उणीव सांगितली पाहिजे. हें सारें श्रीमंताच्या वाड्यांतलें आहे. धात्री त्याच्या घरीं येते. मूल तिच्या घरीं जात नाहीं. धात्रीचें मूल हयात असावें अशी अट घालणारा वैद्य, ती वाड्यांत असतां तें मूल कोणापाशीं असतें हें विचारीत नाहीं. संभाजीराजांस दूध पाजणारी कापूरहोळची धाराऊ गाडे सर्वांस ठाऊक आहे; पेशवाईंतील मोठ्या घरांतून राबणाऱ्या कुणबिणींचीं नांवें कागदांत येतात तीं बहुधा खरेदी-विक्रीच्या वा वांटणीच्या निमित्तानें. कौटिल्यानें गहाण पडलेल्या धात्रीवर बळजबरी करणाऱ्यास दंड सांगितला आहे, एवढाच काय तो तिच्या बाजूचा लेख. तिच्या मुलाबद्दल तेथेंही अवाक्षर नाहीं.

आमच्या प्रांतांत या मुलांचा प्रश्न कापसानें उभा केला. १८६० नंतरच्या दशकांत आगगाडी आली, अमेरिकेंतील यादवी युद्धामुळें कापसाचा भाव चढला, आणि जळगांव, धुळें, अमळनेर, चाळीसगांव या बाजूस पुढें जिनें व प्रेस उभे राहिले. जिनांवरील हात बहुतांशीं स्त्रियांचे. १८८१ चा पहिला फॅक्टरी कायदा शंभर किंवा अधिक माणसें असलेल्या व वर्षांतून चार महिन्यांहून अधिक चालणाऱ्या कारखान्यांपुरता होता. त्यामुळें हंगामी जिनें मोकळीं सुटलीं. १८८४-८५ च्या मुंबई फॅक्टरी कमिशनपुढें खानदेशच्या जिनांसंबंधीं जी साक्ष झाली तींत पहांटे पांचपासून रात्रीं दहापर्यंत काम चालत असल्याचें, आणि मार्च-एप्रिलांत तर आठ-आठ दिवस रात्रंदिवस चालत असल्याचें नमूद आहे. १८९१ च्या कायद्यानें स्त्रियांच्या कामास अकरा तासांची मर्यादा घातली.

सतरा तास काम करणाऱ्या आईचें मूल कोठें असावयाचें? एक तर रुईच्या धुळींत, लुगड्याच्या झोळींत. नाहीं तर घरीं, जिला अहिराणींत डोकरी म्हणतात त्या म्हाताऱ्या बाईपाशीं. ती नात्यांतली असली तर ठीक, नसली तर चार पैसे किंवा भाकरी देऊन ठेविलेली. तिची परीक्षा कोणी घेत नसे. ती मिळाली हेंच पुष्कळ. मुलानें निजून राहावें म्हणून अफू घातलेली बाळगोळी देण्याचा प्रघात त्या काळीं सर्वत्र होता. १९२२ सालीं मुंबईच्या गिरण्यांतील स्त्रियांची पाहणी डॉ. बार्न्स या स्त्री-डॉक्टरांनीं केली, तेव्हां त्यांच्या बहुतेक सर्व अर्भकांस अफू दिली जात असल्याचें आढळलें. या बायांस दोष देणारे पुष्कळ निघाले. सतरा तासांस दोष देणारे थोडे.

येथें विलायतेकडे पाहणें उपयोगाचें आहे. मोलानें ठेवून घेतलेलीं तान्हीं मुलें मारिल्याबद्दल लंडनच्या ब्रिक्स्टन भागांतील एका बाईस १८७० सालीं फांशी झाली, आणि १८७२ सालीं अर्भकरक्षणाचा कायदा झाला. एक वर्षाखालील एकाहून अधिक मुलें मोलानें चोवीस तासांहून अधिक काळ ठेवणाराचें घर सरकारदरबारीं नोंदिलेलें असावें, असें त्यानें ठरविलें. चोवीस तासांच्या या अटीमुळें दिवसापुरतें मूल ठेवणारी शेजारीण बाहेरच राहिली. ती कायद्याखालीं आली १९४८ सालीं. त्या वर्षाच्या इंग्रजी कायद्यानें, अनेक घरचीं लहान मुलें मोलानें दिवसभर सांभाळणारांची नोंदवही स्थानिक आरोग्य अधिकाऱ्यांकडे ठेविली, आणि माणूस अयोग्य किंवा जागा अयोग्य आढळल्यास नोंद नाकारण्याचा अधिकार त्यांस दिला. धात्री व कुमारागार हीच ती विभागणी होय.

त्याच १९४८ सालीं आपल्याकडेही फॅक्टरी कायदा झाला. १९३४ च्या कायद्यानें प्रांतिक सरकारांस दिलेला मुलांच्या खोलीचा ऐच्छिक नियम त्यानें सक्तीचा केला: पन्नासांहून अधिक स्त्रिया असल्यास सहा वर्षांखालील मुलांसाठीं खोली हवी. १९७६ सालीं ही संख्या तिसांवर आली. २०१७ च्या मातृत्वलाभ-दुरुस्तीनें पन्नास माणसांच्या आस्थापनेस पाळणाघर आवश्यक केलें व आईस दिवसांतून चार वेळां मुलाकडे जाण्याची मुभा दिली. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेंतही पन्नासांचाच आंकडा आहे. नियम चांगले आहेत. परंतु प्रत्येक ठिकाणीं कायद्यानें दारांत उभें राहून डोकीं मोजिलीं. एकोणपन्नासांच्या जिनांतील बाईचें, भाजी विकणारीचें, पोळ्या लाटणारीचें मूल ज्या घरीं जातें, त्या घराचा उंबरा यांपैकीं एकाही नियमानें ओलांडिला नाहीं. त्या घरीं जाऊन न्हाणी कोठें, चूल कोठें, विहिरीस वा टांकीस झांकण आहे कीं नाहीं, बाई दुपारीं किती वेळ निजते, आणि तिच्यापाशीं एकूण मुलें किती, हें पाहण्याचें काम आईवरच राहिलें. तिनें तें न कळवितां, भर कामाच्या वेळीं जाऊन पाहावें. आधीं वर्दी देऊन गेल्यास घर झाडलेलें दिसेल, एवढेंच.

या डोकरींचा इतिहास सरकारी दफ्तरांत फारसा मिळावयाचा नाहीं, कारण सरकारनें त्यांस मोजिलेंच नाहीं. तो मिळाल्यास घरगुती कागदांतच मिळेल. बखर किंवा सनद नव्हे म्हणून जे कागद आपण बाजूस टाकितों, त्यांत तो असण्याचा संभव आहे: सावकारी व शेतकरी घरांच्या खर्चाच्या वह्या, जिनांचे हजेरीपट, वैद्यांच्या बाडांतील बालरोगांचीं पानें व बाळगोळीचे पाठ. खर्चाच्या वहींत ‘मूल सांभाळणें’ किंवा ‘दाईस’ अशा बाबीखालीं रक्कम, धान्य, लुगडें-चोळी लिहिलेलें आढळल्यास ती नोंद वर्ष, गांव व मोल यांसह उतरून घ्यावी, आणि वही रद्दींत जाण्यापूर्वीं मंडळाकडे धाडावी, अशी खानदेशांतील संग्राहकांस आमची विनंति आहे. बाळगोळीच्या पाठांत अफूचें प्रमाण दिलेलें असल्यास तेंही जसेंच्या तसें उतरावें.