जपानचा दाखला आणि बीदरचा वर्ग

1922 साली हैदराबाद संस्थानाचे शिक्षण संचालक सय्यद रॉस मसूद जपानला गेले. हे सर सय्यद अहमद खानांचे नातू, ई. एम. फॉर्स्टरने ‘अ पॅसेज टू इंडिया’ अर्पण केली ती यांनाच. जपानची शाळा-कॉलेजे पाहून त्यांनी लिहिलेले पुस्तक 1923 साली प्रसिद्ध झाले. उस्मानिया विद्यापीठ तेव्हा चार-पाच वर्षांचे होते आणि त्याच्यावर एक आरोप सतत होत असे: इंग्रजी सोडून देशी भाषेत पदवीचे शिक्षण देणे म्हणजे पोरांचे नुकसान. त्याला जपानइतके चोख उत्तर दुसरे नव्हते. तिथे पश्चिमेची सगळी विद्या आपल्या भाषेत उतरवून घेतली गेली, इंग्रजी हा एक विषय म्हणून ठेवला गेला, आणि तरी आगगाड्या धावतात, तोफा ओतल्या जातात, रशियासारखी सत्ता हरते. उस्मानियाचे धोरण अर्थात या दौऱ्याआधीच ठरलेले होते. उर्दूत पाठ्यपुस्तके तयार करणारे भाषांतर खाते 1917 सालीच सुरू झाले होते. जपानचा दाखला मागाहून आला, पण आला तो वजनदार. या दाखल्यातला अर्धाच भाग हैदराबादने उचलला, असे माझे म्हणणे आहे. भाषांतर घेतले, व्यासपीठ घेतले नाही. तेव्हा याच संस्थानात असलेल्या बीदर किंवा कलबुर्गीच्या कॉलेजात आज इंग्रजीच्या तासाला ‘सेमिनार’ द्यायला उभे राहिलेले पोर पडद्यावरची पीपीटी मान वर न करता वाचून काढते, त्याचे एक मूळ या राहून गेलेल्या अर्ध्यात आहे.

व्यासपीठ म्हणजे काय, ते जपानच्याच इतिहासातून सांगता येते. मेइजी काळाच्या सुरुवातीला मोरी आरिनोरी नावाच्या मुत्सद्द्याने जपानने इंग्रजी स्वीकारावी असा विचार मांडला होता. सभेत उभे राहून रीतसर भाषण करणे जपानी भाषेला जमणारच नाही, असेही त्याचे मत होते. फुकुझावा युकिची यांनी 1874 साली एका बैठकीत सरळ जपानीत भाषण करून त्याला उत्तर दिले आणि पुढच्याच वर्षी टोकियोत आपल्या केइओ या शाळेच्या आवारात भाषणांसाठी स्वतंत्र सभागृह बांधले. ते आजही उभे आहे. मुद्दा मांडणे, समोरच्याचे ऐकून घेणे, खोडून काढणे ही सगळी कसरत पोरांनी आधी घरच्या भाषेत करायची. मग परक्या भाषेतले पुस्तक वाचायचे. भाषांतर आणि व्यासपीठ ही तिथे एकाच गाडीची दोन चाके होती.

आता बीदरकडे पाहू. या गावाला परक्या भाषेतल्या उच्च शिक्षणाचे नवल नव्हते. इराणातल्या गीलानहून आलेल्या बहमनी वजीर महमूद गावानने 1472 च्या सुमारास येथे मदरसा उभा केला. तीन मजले, विद्यार्थ्यांच्या खोल्या, ग्रंथालय, मशीद, दर्शनी बाजूला रंगीत चिनी कौलांचे काम. 1696 मध्ये दारूगोळ्याच्या स्फोटात त्याचा मोठा भाग उडाला. उरलेला एक मिनार आणि त्याच्यावरची निळी-हिरवी कौले अजून दिसतात. या गावानने फारसी पत्रलेखनावर ‘मनाजिर-उल-इन्शा’ हा ग्रंथ लिहिला. कुणाला कोणत्या मायन्याने लिहावे, मजकूर कसा रचावा, कसा सजवावा, याचे ते शास्त्र. बीदरच्या पहिल्या विद्यापीठाचा संस्थापक स्वतः परभाषेतल्या ‘कॉम्पोझिशन’चा पाठ्यपुस्तककार होता, ही गोष्ट आपल्याकडे फारशी बोलली जात नाही. नमुना समोर ठेवून त्याबरहुकूम लिहिणे हा त्या अभ्यासाचा गाभा होता, आणि नमुना गिरवण्याला तेव्हा कोणी नक्कल म्हणून हिणवत नसे.

पण लिहिण्याच्या जोडीला बोलून सिद्ध करण्याची रीतही याच मातीत होती. गाणगापूर हे आजच्या कलबुर्गी जिल्ह्यातल्या अफझलपूर तालुक्यातले. तिथल्या नृसिंह सरस्वतींचे चरित्र सांगणारा ‘गुरुचरित्र’ हा ग्रंथ मराठी घराघरांत सप्ताह लावून वाचला जातो. पण तो लिहिणारे सरस्वती गंगाधर हे कानडी भाषिक होते आणि मराठी आपली भाषा नव्हे हे त्यांनी ग्रंथातच सांगून टाकले आहे. मराठीतला इतका लोकप्रिय ग्रंथ हा दुसऱ्या भाषेतला लेखन-प्रयत्न आहे, हे सीमाभागातल्या माणसाला सांगावे लागत नाही, पुण्यातल्या माणसाला मात्र सांगावे लागते. त्याच ग्रंथात दोन वेदज्ञ ब्राह्मणांची कथा येते. विदुरानगरीच्या म्हणजे बीदरच्या यवन राजापुढे वेद म्हणून दाखवणारे हे दोघे वादात समोरच्याला हरवून जयपत्रे गोळा करत हिंडतात, आणि शेवटी गाणगापुरात एका पतित मानलेल्या माणसाच्या तोंडून वेद ऐकून त्यांची मान खाली जाते. कथेचा चमत्कार बाजूला ठेवला तरी तिच्यातली सामाजिक माहिती उरतेच. विद्येची कसोटी तोंडी होती, चारचौघांत होती, आणि ती देण्याचा हक्क कुणाला, हाच तंट्याचा विषय होता. पुढे एकोणिसाव्या शतकात हुमनाबादजवळच्या माणिकनगरात माणिकप्रभूंच्या दरबारात मराठी, कानडी, हिंदुस्थानी, संस्कृत अशी पदे एकाच बैठकीत चालत. इथल्या माणसाला चार भाषा बोलता येत नव्हत्या म्हणून तो वर्गात गप्प बसला, असे म्हणायला जागाच नाही.

मग तोंड कशाने मिटले? एक कारण परीक्षा. 1857 साली मुंबई, मद्रास आणि कलकत्ता येथे लंडनच्या नमुन्यावर जी विद्यापीठे निघाली त्यांचे मुख्य काम शिकवणे नसून परीक्षा घेणे हे होते. हैदराबादचे निजाम कॉलेज मद्रासला जोडलेले. प्रश्नपत्रिका छापील, उत्तरे लेखी, परीक्षक परगावचा. उस्मानियाने माध्यम बदलले, पण या साच्याला हात लावला नाही. इंग्रजी सर्वांना सक्तीची होती. ती शिकायची ती उतारा वाचून त्याचा अर्थ दुसऱ्या भाषेत सांगण्यापुरती. जपानमध्येही इंग्रजी अशीच शिकवली गेली, शब्दावर शब्द ठेवून. दोन्हीकडे इंग्रजी ही डोळ्यांची भाषा झाली. फरक पडला तो इंग्रजीच्या बाहेर. जपानी पोराच्या वर्गाची भाषा त्याच्या घरची होती. हैदराबाद संस्थानात साधारण निम्मी प्रजा तेलुगू, पाव मराठी, त्याहून कमी कन्नड आणि जेमतेम दहावा हिस्सा उर्दू बोलणारा. बीदर जिल्ह्यातल्या औराद-भालकीकडून गुलबर्ग्याच्या, म्हणजे आजच्या कलबुर्गीच्या, इंटरमीडिएट कॉलेजात आलेले मराठी पोर गणित उर्दूत शिके, इंग्रजी उताऱ्याचा अर्थ उर्दूत सांगे, आणि घरी पत्र मोडीत लिही. ज्याला जपानचा कित्ता म्हटले गेले तो या पोरापुरता कित्ता नव्हताच.

दुसरे कारण याहून कडक होते आणि ते शाळेबाहेरचे. निजामी राजवटीत ‘गश्ती निशाण त्रेपन्न’ नावाच्या हुकुमाने जाहीर सभांना सरकारी परवानगी लागत असे. खासगी शाळांवरही बंधने होती. विठ्ठलराव देऊळगावकरांनी 1907 साली गुलबर्ग्यात काढलेल्या नूतन विद्यालयासारख्या संस्था याच वातावरणात तगल्या. भालकीच्या हिरेमठाचे चन्नबसव पट्टदेवरू यांनी दारावर उर्दूची पाटी लावून आत कन्नड शिकवले, ही गोष्ट त्या भागात आजही अभिमानाने सांगितली जाते. अभिमान योग्यच आहे, पण दरवाजाआड जगणाऱ्या या शाळेत वादसभा कुठून भरणार? फुकुझावांनी ज्या वयाच्या पोरांसाठी सभागृह बांधले त्याच वयाच्या पोरांना इथे आवाज खाली ठेवायला शिकवले जात होते. 1938 साली औरंगाबादच्या वसतिगृहात ‘वंदे मातरम्’ म्हणण्यावरून ठिणगी पडली, ती गुलबर्ग्याच्या कॉलेजापर्यंत पोचली, आणि शेकडो विद्यार्थ्यांना उस्मानियाबाहेर काढण्यात आले. नागपूर विद्यापीठाने त्यांतल्या अनेकांना प्रवेश दिला. पुढे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव त्या पिढीतलेच. तोंड उघडण्याची किंमत काय, हे त्या वर्षी बीदर-गुलबर्ग्यातल्या प्रत्येक पालकाला कळले असणार.

यावर उर्दूची बाजू घेणारा म्हणेल की ही एकतर्फी मांडणी आहे. उस्मानियाने खेड्यातल्या पोरांना वैद्यकी, वकिली, इंजिनीअरिंगची दारे उघडली. दख्खनी तर इथल्या बाजाराची भाषा, गुलबर्ग्याच्या गेसूदराजांच्या दर्ग्यापासून चालत आलेली. आणि हैदराबादेत वक्तृत्वाची वाण नव्हती, बहादुर यार जंगांसारखा वक्ता त्याच काळातला. यातले सगळे खरे आहे. देशी भाषेत पदवी देण्याचे धाडस मुंबई विद्यापीठाने दाखवले नाही, ते हैदराबादने दाखवले, हेही मान्य केले पाहिजे. पण बाजारात भाव करण्याची दख्खनी आणि भाषांतर खात्याने अरबी-फारसी धातूंतून घडवलेली शास्त्राची उर्दू या दोन गोष्टी वेगळ्या. वक्तृत्वाचा वारसा होता, पण तो शहराचा आणि एका थराचा होता. कमलनगरच्या शेतकऱ्याचा मुलगा त्या सभांत ऐकायला बसू शकत होता. बोलायला उठण्याची वेळ त्याच्यावर येत नव्हती.

1948 च्या सप्टेंबरात भारत सरकारच्या पोलीस कारवाईने निजामी राजवट संपली आणि त्यानंतर थोड्याच काळात उस्मानियाचे माध्यम इंग्रजी झाले. भाषांतर खात्याने तीस वर्षे खपून तयार केलेली पुस्तके कपाटात गेली. 1956 साली राज्ये भाषेवर बेतली गेली तेव्हा बीदर जिल्ह्याचे तीन तुकडे झाले: उदगीर, निलंगा, अहमदपूर तेव्हाच्या मुंबई राज्याकडे, झहिराबाद, नारायणखेड आंध्राकडे, आणि बीदर, भालकी, औराद, हुमनाबाद, बसवकल्याण तेव्हाच्या म्हैसूर राज्याकडे. कॉलेजे धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाला जोडली गेली. 1930 च्या आसपास जन्मलेल्या एखाद्या मराठी माणसाने मॅट्रिक उर्दूत केले, कॉलेज इंग्रजीत उरकले आणि नोकरीत शिरल्यावर कन्नडची परीक्षा दिली, हा क्रम त्या भागात जगावेगळा नव्हता. तीनदा भाषा बदलली. परीक्षेचा कागद तोच राहिला. उलट कागदाचे महत्त्व वाढले, कारण दर वेळी नव्या भाषेत तग धरायला पाठांतर हा एकच भरवशाचा उपाय उरला. सीमाभागातल्या पोरांच्या घोकंपट्टीला जे नावे ठेवतात त्यांनी हा हिशोब मांडून पाहावा. भाषा हातातून काढून घेतली की शहाणे पोर नमुना पाठ करते. गावानच्या काळातही केलेच असेल, पण तेव्हा त्याला बाहेर वादसभेत उभे राहावे लागे.

सुधारणेचे प्रयत्न झाले नाहीत असे नाही. हैदराबादेत 1958 साली सेंट्रल इन्स्टिट्यूट ऑफ इंग्लिश निघाली, बेंगळुरूला 1963 साली दक्षिणेतल्या शिक्षकांसाठी प्रादेशिक संस्था आली, आणि वाक्यरचनेचे साचे तोंडी घोटून घेण्याची पद्धत शाळांत शिरली. 1970 पासून गुलबर्ग्यात असलेल्या कर्नाटक विद्यापीठाच्या पदव्युत्तर केंद्राचे 1980 साली स्वतंत्र विद्यापीठ झाले. मग सेमिस्टर आले आणि त्याच्याबरोबर ‘असाइनमेंट’ आणि ‘सेमिनार’ हे दोन शब्द. 2021 पासून कर्नाटकात नवे राष्ट्रीय शिक्षण धोरण लागू झाले तेव्हा शंभरातले चाळीस गुण अशा अंतर्गत कामाला ठेवले गेले. कागदावर ही मोठी क्रांती होती. प्रत्यक्षात झेरॉक्सच्या दुकानात तयार असाइनमेंट मिळू लागल्या. एकाच सीनियरच्या फाइलवरून वीस जणांनी एकरेघी कागदांवर उतरवून घ्यायचे, पहिल्या पानावर चौकट आखून कॉलेजचे नाव रंगीत पेनाने काढायचे, प्लास्टिकच्या कव्हरात घालून सबमिट करायचे. सेमिनारला तोच चार पानी मजकूर स्लाइडवर. शिक्षक ‘एनी क्वेश्चन्स?’ विचारतात, कोणी विचारत नाही, पुढचा रोल नंबर.

इथे जपानचाच दाखला माझ्यावर उलटवता येतो, आणि तो आक्षेप सगळ्यांत वजनदार आहे. जपानी पोरांना घरची भाषा होती, सभागृह होते, दीडशे वर्षे होती; तरी तिथल्या विद्यापीठात इंग्रजीच्या वर्गातली शांतता जगप्रसिद्ध आहे. 1987 पासून सरकार परदेशी तरुण शिक्षक बोलावून शाळांत धाडते आहे, 2003 साली ‘इंग्रजी येणारे जपानी’ घडवण्याचा कृती-आराखडा निघाला, प्रेझेंटेशन आणि गटचर्चा अभ्यासक्रमात आल्या, तरी तक्रार थांबलेली नाही. म्हणजे व्यासपीठाचा आणि इंग्रजी बोलण्याचा संबंधच काय? संबंध आहे, पण माझ्या मांडणीवरून वाटेल तितका सरळ नाही, हे कबूल. जपानमध्येही प्रवेश परीक्षेने इंग्रजीला डोळ्यांची भाषा करून ठेवले, आणि जे परीक्षा विचारत नाही ते पोर शिकत नाही. पण तिथल्या प्रेझेंटेशनमध्ये अडतो तो आवाज. मुद्दा सहसा अडत नाही. तोच विद्यार्थी आपल्या भाषेतल्या चर्चासत्रात टिपणे काढून, दाखले जुळवून उभा राहतो. आपल्या सीमाभागात मुद्दाच तयार झालेला नसतो, कारण तो कोणत्याच भाषेत कधी मांडून पाहिलेला नसतो. मराठी शाळेतून कन्नड-इंग्रजी कॉलेजात गेलेल्या औरादच्या मुलीला घरच्या बोलीत पाच मिनिटे एखादी बाजू मांडायला शाळेत किती वेळा सांगितले गेले? जपानचे दुखणे उच्चाराचे आहे, आपले विचाराच्या सवयीचे, आणि दोघांना एकच औषध देऊन भागत नाही.

या कारणासाठी, कच्चा मसुदा मराठीत, कन्नडमध्ये किंवा उर्दूत लिहिण्याची आणि त्यावर वर्गात घरच्या भाषेत वाद घालण्याची मुभा देऊन मगच इंग्रजी असाइनमेंट मागावी, हा उपाय मला इंग्रजीच्या विरोधातला वाटत नाही. अडचण आहे ती गुण देण्याची. साठ-सत्तर पोरांच्या वर्गात तीन भाषांतले मसुदे वाचणारा शिक्षक एकटा सापडायचा नाही. पण बीदरसारख्या गावात कॉलेजच्या एकाच आवारात कन्नड, मराठी आणि उर्दूचे शिक्षक सहसा भेटतात, आणि मसुद्यावरची तोंडी तपासणी त्यांनी केली तर इंग्रजीच्या शिक्षकावरचा भार वाढत नाही. कर्नाटकाने 2024 पासून चार वर्षांची पदवी मागे घेऊन पुन्हा तीन वर्षांची केली, अंतर्गत गुणांचे प्रमाणही बदलले. बीदर जिल्ह्याला आता स्वतःचे विद्यापीठ आहे. अभ्यासक्रम लिहिताना अंतर्गत गुणांतले निम्मे गुण फाइलीवरून काढून मसुद्यावरच्या प्रश्नोत्तरांकडे वळवायला विद्यापीठाच्या अभ्यास मंडळाच्या एका ठरावाने सुरुवात करता येईल.