मिनिकॉयचा कुपा आणि लगूनमधले आमिष

लक्षद्वीपच्या दक्षिण टोकावरच्या मिनिकॉय बेटात कुपा, म्हणजे ट्यूना, परंपरेने गळानेच धरला जातो. बेटाची भाषा महल, नाते मालदीवशी आणि धंद्याची रीतही तिकडचीच. 1343-44 मध्ये मालदीवला राहिलेल्या इब्न बतूताने तिथला सुकवलेला मासा हिंदुस्थान, चीन आणि येमेनला जात असल्याचे नोंदवले आहे. मिनिकॉयचा ‘मासमिन’ त्याच प्रकारचा माल: शिजवून, धुरी देऊन, उन्हात वाळवून टणक केलेला.

कुपा मिळतो प्रवाळभित्तीबाहेरच्या खोल पाण्यात. पण त्याची तयारी सुरू होते भित्तीच्या आत, लगूनच्या उथळ पाण्यात. जिवंत लहान मासे फेकले की कुप्यांचा थवा होडीपाशी घुटमळतो आणि गळाला लागतो. तेव्हा कोणता लहान मासा कुठे राहतो याची माहिती हेच या धंद्याचे खरे भांडवल. चंदेरी ‘होंदेली’ वाळू आणि समुद्री गवतावरच्या उथळ पाण्यात थव्याने फिरतो. त्याचा भाऊबंद ‘रेही’ भित्तीजवळच्या स्वच्छ, वाहत्या पाण्यात. हे दोघे भरवशाचे नाहीत. आज मुबलक, उद्या बेपत्ता. ‘नीलमेही’ मात्र ठाण मांडून असतो: फांद्या फुटलेल्या प्रवाळाभोवती चरतो, धोका दिसताच फांद्यांत शिरतो. ‘बोधी’ दिवसा प्रवाळाच्या आडोशाला, रात्री खाद्य शोधत बाहेर. थवे आटले की कोळी या घरबशा माशांकडे वळत आणि प्रवाळालगत जाळे लावून त्यांना हुसकून आत घेत. धरलेले आमिष होडीच्या तळाशी खेळत्या पाण्यात जिवंत ठेवले जाई.

शास्त्रज्ञांनी हे ज्ञान बरेच उशिरा कागदावर आणले. या आमिष-मासेमारीवरचा डॉ. एस. जोन्स यांचा सविस्तर निबंध 1958 चा. त्यांनी आणि एम. कुमारन यांनी 1980 मध्ये द्वीपसमूहातील 603 माशांचा ग्रंथ प्रसिद्ध केला.

1960 नंतर इंजिनाच्या होड्या आल्या, अगत्तीसारख्या बेटांनीही ही रीत उचलली आणि आमिषाची मागणी वाढली. 1998 च्या एल निनोत लक्षद्वीपचे प्रवाळ मोठ्या प्रमाणावर पांढरे पडून मेले. फांद्यांच्या प्रवाळावर अवलंबून असलेल्या माशांचे घर त्यात गेले. बाहेर कुपा कितीही असो, आमिष मिळाले नाही तर होडी त्या दिवशी निघत नाही.