कॅरिअरसह जन्मलेली सायकल

डोंगरातला टप्पा संपला की सायकली परीक्षकांच्या ताब्यात जायच्या. मग एकेक स्क्रू हलवून पाहिला जाई. मडगार्डची तार तुटली, गुण गेले. दिवा लागला नाही, गुण गेले. चाक आउट झालं, हँडलखालचं बेअरिंग सैल झालं, तरी तेच. ठरलेल्या वेळेत पोचणं आवश्यक होतं, पण खरी कसोटी सायकलस्वाराची नव्हती, सायकल बनवणाऱ्याची होती. १९३४ ते १९४९ या काळात, मधली युद्धाची वर्षं सोडता, फ्रान्समध्ये अशा स्पर्धा अधूनमधून भरत. ‘कॉन्कूर द मशीन’, म्हणजे यंत्रांची स्पर्धा, हे त्यांचं नाव. लांबच्या प्रवासाला निघालेली आजची सायकल जशी दिसते, तिची बरीचशी घडण याच स्पर्धांमध्ये झाली.

याची सुरुवात मात्र आणखी मागे, सेंत-एतियेन या गावात सापडते. बंदुका आणि रेशमी फिती यांसाठी प्रसिद्ध असलेलं हे कारखान्यांचं गाव. तिथला रेशमाचा व्यापारी पॉल द व्हिवी सायकलच्या नादी लागला, धंदा बदलून सायकलचं दुकान थाटलं आणि १८८७ साली ‘ल सिक्लिस्त’ हे मासिक सुरू केलं. त्यात तो ‘व्हेलोसियो’ या टोपणनावाने लिहायचा. गावाबाहेर पडलं की लगेच चढ. एकाच गिअरवर चढ चढताना दम लागतो आणि उतारावर पाय नुसते फिरत राहतात, हे त्याला रोजच दिसत होतं. त्याने पुढे दोन चक्रं बसवली आणि चेन हाताने उचलून एकावरून दुसऱ्यावर टाकायला सुरुवात केली. उतरून, हात काळे करून गिअर बदलायचा! पण तेवढ्यानेही घाट सोपे झाले. पुढे त्याच्या मासिकाभोवती जमलेल्या हौशी मंडळींनी आणि त्या भागातल्या छोट्या कारखानदारांनी चालत्या सायकलवर चेन सरकवण्याची तऱ्हेतऱ्हेची साधनं, म्हणजे डिरेलर, काढली.

शर्यतीवाल्यांना हे पटत नव्हतं. तूर द फ्रान्सचा संस्थापक आँरी देग्रांज याच्या मते गिअर बदलणं ही थकलेल्या, वय झालेल्या लोकांची सोय होती. खरा खेळाडू पायाच्या जोरावर जिंकतो. त्याच्या शर्यतीत डिरेलर चालू लागले ते थेट १९३७ साली. तोवर सुटीत डोंगरात भटकणारा कारकून किंवा शाळामास्तर व्यावसायिक खेळाडूपेक्षा पुढारलेली सायकल चालवत होता. नवी सुधारणा आधी शर्यतीत येते आणि मग सामान्य माणसापर्यंत झिरपते, असं सायकलीच्या जाहिरातींतून आपल्या मनावर इतकं बिंबलेलं आहे, की हा उलटा प्रवास विश्वास ठेवायला जड जातो.

१९३४ ची पहिली मोठी स्पर्धा अॅल्युमिनियमच्या धंद्याने पुरस्कृत केली होती. नावच ‘ग्रां प्री ड्युराल्युमिन’. विमानांना चालणारा हा हलका मिश्रधातू सायकलींतही खपावा, हा त्यामागचा सरळ व्यापारी हिशेब. त्या दशकात प्रयोगांना ऊत आला. पिएर कामिनाद याने अष्टकोनी अॅल्युमिनियमच्या नळ्या सांध्यांत बोल्टने आवळून फ्रेम उभी केली. निकोला बारा याने अॅल्युमिनियमच्या नळ्या वेल्डिंग करून जोडल्या. आज घरोघरी दिसणाऱ्या अॅल्युमिनियमच्या सायकलीच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. तरी बहुतेक कारागीर पातळ पोलादी नळ्यांनाच धरून राहिले, आणि अॅल्युमिनियम क्रँक, ब्रेक, मडगार्ड यांत रुजलं.

गिऱ्हाईकही याच सुमारास वाढलं. १९३६ साली लेऑं ब्लूम यांच्या सरकारने फ्रान्सच्या कामगारांना वर्षाला दोन आठवड्यांची पगारी रजा कायद्याने मिळवून दिली. सायकलला तंबू बांधून, जोडीजोडीने टँडेमवर, म्हणजे दोघांच्या सायकलवर, निघालेली माणसं फ्रान्सच्या रस्त्यांवर दिसू लागली.

पॅरिसला लागून असलेल्या लव्हालुआ-पेरे या उपनगरात या गिऱ्हाइकांसाठी दोन नावं मोठी झाली: अॅलेक्स सिंगर आणि रेने हर्स. सिंगरचं दुकान १९३८ चं. हर्स आधी विमानांच्या नमुन्यांवर काम केलेला माणूस. त्याने प्रथम हलके सुटे भाग बनवले आणि १९४० च्या सुमारास अख्ख्या सायकली बनवायला घेतल्या.

यांची खुबी फ्रेमच्या झाळकामात होतीच, पण त्याहून जास्त कामाच्या क्रमात होती. इतरत्र आधी फ्रेम तयार होई. मग मडगार्ड, कॅरिअर, दिवे पट्ट्या आणि क्लिपांनी तिच्यावर चढवले जात. पट्टी आली की खडखड आली आणि एक ना एक दिवस ती सुटणारच. हर्सच्या कामात टायर किती रुंद, मडगार्ड कोणतं, पुढची पिशवी केवढी हे आधी ठरे. मडगार्ड आणि टायर यांच्यातली फट सगळीकडे सारखी राहावी म्हणून फ्रेमच्या आडव्या दांड्या त्याच हिशेबाने झाळल्या जात. मडगार्ड थेट त्यांना स्क्रूने बसे. कॅरिअर बारीक पोलादी नळ्यांचं, त्या एका सायकलीच्या मापाने वाकवलेलं. दिव्याची वायर फ्रेमच्या नळीतून जाई. पंपालाही फ्रेमवर खास खुंट्या असत.

पिशवीचं उदाहरण सगळ्यांत बोलकं आहे. प्रवाशाला नकाशा डोळ्यांसमोर हवा आणि खाणं न थांबता हाताशी हवं, म्हणून पिशवी हँडलच्या पुढे आली. पण पुढे ओझं आलं की हँडल जड होतं, सायकल हलक्या हाताने वळत नाही. मग कारागिरांनी फोर्क जास्त पुढे वाकवला, आणि ओझं घेऊनही सायकल सरळ, निवांत धावू लागली. एका पिशवीने फोर्कचा आकार बदलायला लावला. रस्ते खडीचे, म्हणून टायर रुंद. पण त्यांचं कापड पातळ आणि लवचिक, जेणेकरून वेग मरू नये.

युद्धानंतरच्या स्पर्धांत मडगार्ड, दिवे, कॅरिअर असलेल्या सर्वांत हलक्या सायकली सात-आठ किलोंच्या आसपास आल्या. व्यावसायिक शर्यतींतल्या सायकलीला आज ६.८ किलोंची किमान मर्यादा आहे, आणि तिच्यावर ना दिवा असतो ना कॅरिअर. अर्थात स्पर्धेच्या सायकली जरा नाटकीच असत. वजन चोरण्यासाठी जिथे शक्य तिथे भोकं पाडलेली. दुकानातल्या गिऱ्हाइकाला मिळणारी सायकल अधिक जाड आणि अधिक शहाणी असे. पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस या १,२०० किलोमीटरच्या दौडीत हर्सच्या सायकलींनी हौशी स्वारांमध्ये नाव गाजवलं ते या शहाणपणावर. याच दौडीला २०१९ साली भारतातून शेकडो स्वार गेले; पुणे, मुंबई, नाशिककर त्यांत होते.

१९५० नंतर हवा पालटली. इंजिन लावलेली व्हेलोसोलेक्स सायकल आणि सित्रोएनची २सीव्ही मोटार पसरत गेली, आणि सुटीवर निघालेलं कुटुंब मोटारीत बसलं. स्पर्धा बंद पडल्या होत्याच; कारागीरही एकामागून एक दुकानं मिटू लागले. विद्या टिकली ती थोडी फ्रान्समध्ये आणि बरीचशी जपानमध्ये. तिथल्या कारागिरांनी या फ्रेंच सायकली बारकाईने अभ्यासल्या आणि आजवर त्याच धाटणीच्या बनवत आले.

२०१६ साली आंबेर या फ्रेंच गावात यंत्रांची ती स्पर्धा पुन्हा भरवली गेली, नव्या पिढीच्या कारागिरांसाठी. जुन्यांपैकी हर्स १९७६ साली वारला. त्याची मुलगी लिली, स्वतः फ्रान्सची अनेकदा विजेती ठरलेली सायकलपटू, आणि तिचा नवरा यांनी काही वर्षं कारखाना चालवला. आज रेने हर्स हे नाव अमेरिकेतल्या सिएटलच्या एका कंपनीकडे आहे. तिचे पातळ कापडाचे रुंद टायर जपानमध्ये तयार होतात. लव्हालुआचं सिंगरचं दुकान मात्र ‘चुका’ आडनावाच्या कुटुंबाने पुढच्या पिढीपर्यंत चालवलं, आणि तिथे फ्रेम गिऱ्हाइकाच्या मापानेच झाळली जात राहिली.