खडकाचा स्वभाव तेल घडवते

तेलसाठ्यातला वालुकाश्म पाण्यालाच धरून ठेवतो, हे तेलविज्ञानाचे जुने गृहीतक होते. छिद्रांत तेलाआधी पाणी होते आणि स्वच्छ क्वार्ट्झवर पाणीच पसरते, म्हणून ते पटतही होते. पण त्यात तेलाच्या रसायनाला स्थान नव्हते. १९३४ साली संशोधक नटिंग यांनी वायोमिंगच्या टेन्स्लीप वालुकाश्माच्या कणांवर जड हायड्रोकार्बनचा चिवट थर असल्याचे नोंदवले. तेलातील अस्फाल्टीन आणि आम्ल-अल्कधर्मी रेणू पाण्याचा पातळ पापुद्रा फाटताच खडकाला चिकटतात आणि तो तैलस्नेही, म्हणजे पाण्याऐवजी तेलाला धरून ठेवणारा, होतो.

यावर रास्त आक्षेप असा, की विहीर खोदताना वापरलेल्या चिखलाने किंवा हवेच्या संपर्काने तपासलेला खडकाचा नमुनाच बिघडला असेल. प्रयोगशाळेपुरता तो खराही आहे, पण अख्ख्या तेलक्षेत्राचे वर्तन त्यातून उलगडत नाही. ईस्ट टेक्सास तेलक्षेत्रात पाणी फिरून गेल्यावर खडकात अपेक्षेहून फारच कमी तेल उरले होते. संशोधक सॅलाथिएल यांनी १९७३ मध्ये त्याचे कारण मांडले: बारीक छिद्रे जलस्नेहीच राहिली, तर मोठी छिद्रे तेलाने आपलीशी केली आणि त्यांच्या भिंतींवरच्या सलग थरातून तेल हळूहळू निथळत राहिले. म्हणून साठ्याचा अंदाज बांधताना खडकाइतकाच त्यातल्या तेलाचाही अभ्यास व्हायलाच हवा.