88 डॉलर ते 88 डॉलर

क्वालकॉम या अमेरिकी कंपनीच्या शेअरचा भाव 31 डिसेंबर 1999 रोजी, पुढच्या विभाजनाचा हिशेब धरला तर, सुमारे 88 डॉलर होता. बरोबर वीस वर्षांनी, 31 डिसेंबर 2019 रोजी, तो पुन्हा 88 डॉलरच्या आसपासच होता. मधल्या काळात कंपनी बुडाली नाही. उलट, तिच्याबद्दल जे भाकीत केले गेले त्यातले बरेचसे खरे ठरले.

कंपनीची स्थापना 1985 ची, सॅन डिएगोतली. अर्विन जेकब्स आणि अँड्र्यू व्हिटर्बी हे तिच्या सात संस्थापकांपैकी दोघे. दोघेही एकेकाळचे प्राध्यापक. त्यांचा आग्रह असा, की मोबाइलवर बोलणाऱ्यांना वेळेचे तुकडे वाटून द्यायला नकोत. सगळ्यांनी एकाच पट्ट्यात, एकाच वेळी बोलावे. फक्त प्रत्येक संभाषणाला स्वतंत्र संकेत द्यावा. लग्नघरातल्या गलक्यात आपल्या भाषेतले बोलणे कान बरोबर टिपतो, तसे. अडचण एकच, पण मोठी: मनोऱ्याजवळचा फोन मोठ्याने बोलला की लांबच्याचा आवाज बुडतो. म्हणून प्रत्येक फोनची शक्ती सेकंदाला 800 वेळा कमी-जास्त करायची! ही पद्धत म्हणजे सीडीएमए. 1989 साली अमेरिकी मोबाइल उद्योगाने वेळेचे तुकडे पाडणारी पद्धत आधीच पसंत केली होती, आणि सीडीएमए भौतिकशास्त्राच्या नियमांत बसत नाही असे म्हणणारे जाणकारही होते. त्याच वर्षी नोव्हेंबरात, प्रात्यक्षिकाच्या ऐन वेळी यंत्रणा अडली. जेकब्स व्यासपीठावर भाषण लांबवत राहिले आणि सहकाऱ्याची खूण मिळाल्यावरच थांबले. 1995 मध्ये हाँगकाँगला व्यावसायिक सेवा सुरू झाली.

खरा प्रश्न 1999 चा आहे. मार्चमध्ये एरिक्सनशी चाललेला पेटंटचा तंटा मिटला. तिसऱ्या पिढीच्या युरोपीय फोनांनाही क्वालकॉमचा परवाना लागणार, हे दिसू लागले. मनोऱ्यांच्या यंत्रसामग्रीचा धंदा एरिक्सनला गेला, हँडसेटचा क्योसेराला देण्याचे ठरले. उरल्या चिप्स आणि परवाने, म्हणजे नेमका सायीचा भाग. हे ओळखणाऱ्यांची पारख उत्तमच होती. त्या एका वर्षात भाव सुमारे 27 पट झाला. 29 डिसेंबरला पेनवेबर पेढीच्या विश्लेषकाने 1000 डॉलरचे लक्ष्य जाहीर केले आणि शेअर दिवसभरात 31 टक्के चढला. त्याच आठवड्यात एका शेअरचे चार झाले.

आता शाळकरी भागाकार करून पाहू. कंपनीचे बाजारमूल्य 100 अब्ज डॉलरच्या वर गेले होते; 1999 च्या आर्थिक वर्षातला निव्वळ नफा होता सुमारे 20 कोटी डॉलर. त्याच गतीने नफा होत राहिला असता तर किंमत वसूल व्हायला पाचशे वर्षे लागली असती. अर्थात नफा वाढणारच होता, आणि वाढलाही. 2019 च्या आर्थिक वर्षात तो 4 अब्ज डॉलरच्या पुढे होता, म्हणजे वीसपटीहून जास्त. (त्यात अॅपलशी झालेल्या तडजोडीची मोठी रक्कम होती, हे नोंदवायला हवे.) पण ही वीसपट वाढ खरेदीदारांनी 1999 मध्येच मोजून दिली होती. 2003 पासून मिळालेला लाभांश तेवढा वरकड.

आपल्याकडे रिलायन्सची सीडीएमए सेवा 28 डिसेंबर 2002 रोजी सुरू झाली. पुढच्या वर्षी ‘मान्सून हंगामा’ योजनेत 501 रुपये भरून फोन हातात येऊ लागला, आणि ज्यांनी कधी टेलिफोनसाठी अर्जही केला नव्हता अशांच्या खिशात तो खणखणू लागला. संकेतांचा तो जुना आग्रह अशा रीतीने खऱ्या अर्थाने जनसामान्यांपर्यंत पोचला. नेमक्या त्याच डिसेंबरात क्वालकॉमचा शेअर 1999 अखेरच्या भावाच्या जेमतेम पाचव्या हिश्श्यावर होता. तेव्हा, सगळे कंटाळून निघून गेले असताना, ज्याने तो घेतला त्याचे 2019 अखेरीस जवळपास पाचपट झाले. 1999 अखेरीस घेणाऱ्याचे 88 चे 88.