शिळाप्रेस ते इंकजेट प्लेट

मंडळी, मागच्या व्याख्यानानंतर मालवणच्या एका छापखानेवाल्यांनी मला गाठलं. "सर, इंकजेट सीटीपी घेऊ की नको?" तत्त्वज्ञानाच्या माणसाला हा प्रश्न! पण इतिहासाकडे याचं बरंचसं उत्तर आहे.

१८३१ साली मुंबईत गणपत कृष्णाजींनी मराठी पंचांग छापलं, ते शिळेवर. (पुढच्याच वर्षी आपल्या पोंभुर्ल्याच्या बाळशास्त्र्यांचं 'दर्पण' निघालं, बरं का.) शिळाच का? देवनागरीचे खिळे पाडायचे तर जोडाक्षरं धरून शेकडो नग लागतात. एकट्या माणसाला ते झेपणं कठीण. शिळेवर लिहिलेलं अक्षर तेलकट शाईनं उतरतं. मग ओला दगड छपाईची शाई धरत नाही, अक्षर धरतं. तेलापाण्याचं हे वैर सेनेफेल्डरनं १७९०च्या दशकात हेरलं, आणि आजची ऑफसेट प्लेट त्याच्यावरच चालते. पुढं गणपत कृष्णाजींनी खिळेही पाडले.

इंकजेटमध्ये फिल्म नाही, लेझर नाही. नोझल ॲल्युमिनियमच्या प्लेटवर थेट थेंब टाकतं. यंत्र त्यामानानं स्वस्त. पण थेंब लेझरच्या ठिपक्याइतका बारीक नसतो, त्यामुळं बारीक जाळीचा रंगीत फोटो फिसकटतो. शिवाय यंत्र नुसतं पडून राहिलं की नोझल तुंबतं.

मी विचारलं, "तुमचं रोजचं काम काय?" म्हणाले, लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, दशावताराची हँडबिलं. "मग घ्या की! रंगीत कॅलेंडरच्या प्लेटी कोल्हापूरहून आणा."

"आणि पावसात घाट बंद पडला म्हणजे, सर?"

इथं मात्र मी गप्प झालो.